प्लॅस्टिकमधली पदवी

माझे बाबा दहावी पास होते, पण ते सिद्ध करता येत नव्हतं. त्यांचं प्रमाणपत्र लाकडी पेटीत होतं आणि पेटीला खालून उधई, म्हणजे वाळवी, लागली. कालव्यावर चौकीदाराची जागा निघाली तेव्हा त्यांनी पेटी उघडली, तर आत मातीचा थर आणि कागदाचा एक कोपरा तेवढा उरलेला. शाळेतून दुसरं काढता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. घरी धानाची शेती होती, ती करत राहिले. या गोष्टीबद्दल ते कधी हळहळले नाहीत, पण घरातला कुठलाही कागद जमिनीजवळ ठेवू द्यायचे नाहीत.

म्हणून मला बी.एस्सी.ची आणि पुढे बी.एड.ची पदवी मिळाली, तेव्हा दोन्ही कागद टॉवेलात गुंडाळून ते अर्जुनी मोरगावहून पॅसेंजरने गोंदियाला गेले. बाजारातल्या एका दुकानात त्यांनी त्यांचं लॅमिनेशन करून घेतलं. माझी बाकीची प्रमाणपत्रंही नेली होती, शाळेतल्या सुलेखन स्पर्धेचंसुद्धा. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "पानी में डाल दो काकाजी, कुछ नहीं होगा." हे वाक्य बाबांना फार आवडलं. पाहुणे आले की ते पदवी काढायचे, तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडायचे आणि दुपट्ट्याने पुसून दाखवायचे. पाहुणे माना डोलवायचे. मी लाजून आत पळायची.

मी तालुक्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळेला अनुदान नव्हतं, त्यामुळे पगार कधी यायचा, कधी नाही. गावात मोबाईल नुकतेच आले होते. त्या दिवसांत नागपूरला मस्कतच्या एका भारतीय शाळेसाठी मुलाखती झाल्या. माझी मैत्रीण जात होती, तिच्यासोबत मी सहज गेले. निवड माझी झाली.

घरी आम्ही पोवारी बोलतो. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून इथे आमच्या भागातल्या मराठीतच लिहिते. माय म्हणाली, "लगन नाही झालं पोरीचं, अन् मस्कतले चालली. लोक काय म्हणतीन?"

बाबा म्हणाले, "लोकायले मस्कत कुठं आहे ते तरी माहीत आहे का?"

माहीत त्यांनाही नव्हतं. आमचे पूर्वज माळव्यातून आले असं म्हातारी माणसं सांगायची. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी फार लांब गेलेलं नव्हतं. बाबांनी माझ्या शाळेतला नकाशा मागवला, समुद्र बोटाने ओलांडला आणि म्हणाले, "हे तं जवळच आहे."

शाळेने कळवलं की पदव्या खऱ्या असल्याची सरकारी साक्ष हवी. आधी नागपूरचं विद्यापीठ, मग मुंबईला मंत्रालय, मग दिल्लीला परराष्ट्र खातं आणि शेवटी ओमानची वकिलात. प्रत्येक ठिकाणी कागदाच्या मागे शिक्का. बाबा म्हणाले, मी सोबत येतो. गोंदियातले एजंट हे काम करून देतात असं मी सांगून पाहिलं. "आपला कागद दुसऱ्याच्या हातात कायले देवाचा?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

विद्यापीठातल्या खिडकीवर चष्मा लावलेले एक बाबू होते. त्यांनी पदवी हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"मॅडम, हे लॅमिनेशन कोणी केलं?"

"मी केलो," बाबा मागून पुढे आले. आवाजात अभिमान होता. "पाण्यात टाकलं तरी काही होत नाही."

"तेच तर वांदं आहे ना काकाजी." बाबूंनी शिक्का शाईत बुडवला आणि प्लॅस्टिकच्या एका कोपऱ्यावर मारला. मग अंगठ्याने पुसला. निळा डाग पसरला आणि क्षणात काही उरलं नाही. "पाहा. इथं आमचा शिक्का टिकत नाही, तर दिल्लीचा कसा टिकन? हे काढून आणा, नाहीतर दुय्यम प्रत काढा."

बाबा त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी दुपट्ट्याने तो पुन्हा पुसला, जणू चूक तिथेच होती. परतताना गोंदियाला फलाटावर मी चहा आणला, तो त्यांच्या हातातच निवला. शेवटी म्हणाले, "माह्याच हातानं झालं ना बाई हे."

"बाबा, उधईनं खाल्लं असतं तर?"

"उधईनं खाल्लं असतं तं उधईचं नाव झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मायने उपाय काढला. इस्त्री गरम केली की प्लॅस्टिक सुटतं, असं तिला शेजारणीने सांगितलं होतं. पदवीवर प्रयोग नको म्हणून आम्ही सुलेखनाचं प्रमाणपत्र घेतलं. खाटेवर घोंगडं अंथरलं, प्रमाणपत्रावर लुगड्याचा तुकडा ठेवला आणि माय हळूहळू इस्त्री फिरवू लागली. बाबा उकिडवे बसून बघत होते. कडा सुटली. माय खुश झाली. "पाहा, येऊन राहिलं!" तिने चिमटीत धरून ओढलं. प्लॅस्टिक निघालं, आणि त्याला चिकटून माझं नाव, मुख्याध्यापकांची सही आणि सरस्वतीची अर्धी वीणाही निघाली. खाली पांढरा, केसाळ कागद राहिला.

आधी माय हसली. मग मी. बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि शेताच्या बांधीकडे निघून गेले. उन्हाळी धानाला पाणी सोडायची ती वेळ नव्हती.

दुय्यम प्रतीसाठी तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि विद्यापीठात मूळ पदवी जमा करावी लागली. हे बाबांना मी आधी सांगितलं नव्हतं, खिडकीवरच कळलं. बाबूंनी दोन्ही पदव्या मागितल्या तेव्हा बाबांनी त्या टॉवेलातून काढल्या, पण हातातून सोडल्या नाहीत.

"फेकान का तुम्ही?"

"नाही काकाजी. फायलीत राहते. रद्द म्हणून लिहून."

"रद्द काऊन? पोरगी तं पास झाली ना?"

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "पोरगी पासच आहे. कागद रद्द होते, पोरगी नाही होत. आणा इकडं."

बाबांनी दिल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे." पण घरी आल्यावर पाहुण्यांसमोर दाखवायला काही नव्हतं, आणि पाहुणे तर मुद्दाम विचारायचे.

प्रती निघायला उन्हाळा गेला. मस्कतची शाळा एप्रिलमध्ये सुरू होत होती. मी एसटीडी बूथवरून तिथल्या मुख्याध्यापिकेला फोन लावला. लॅमिनेशनची गोष्ट इंग्रजीत सांगताना मी अडखळले, तेव्हा पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्या केरळच्या होत्या. म्हणाल्या, माझ्या वडिलांनी माझ्या पदवीला खिळा ठोकून भिंतीवर लावलं होतं, मधोमध भोक होतं. सुट्टीनंतर ऑगस्टमध्ये ये, मी थांबते. बूथमधून बाहेर आले तेव्हा बाबा सायकल धरून उभे होते. मी हे सांगितल्यावर ते इतके मोकळे झाले की घरापर्यंत त्या केरळच्या वडिलांबद्दलच विचारत राहिले. शेती कशाची, धान होते का, भोक मोठं होतं का.

नव्या प्रती आल्या. वर कोपऱ्यात 'दुय्यम' असा शब्द होता. बाबांनी तो वाचला आणि प्रती टॉवेलात गुंडाळल्या. मुंबईचं काम लवकर आटोपलं. दिल्लीला जायची वेळ आली ती नेमकी रोवणीच्या तोंडावर. धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार होते, लावणीला बाया ठरल्या होत्या. मी म्हटलं, मी एकटी जाते. बाबा मायकडे बघत होते.

"अजी, जा तुम्ही," माय म्हणाली. "रोवणी काय मले करता येत नाही? पोरगी दिल्लीत हरपली तं मंग कोणाले धाडू?" मस्कतला नको म्हणणारी माय ती हीच.

परराष्ट्र खात्याचा शिक्का मिळाला. वकिलातीत मात्र फक्त अर्जदाराला आत सोडत होते. बाबा बाहेर रस्त्यावर थांबले. दिल्लीच्या त्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळीची मोठाली झाडं आहेत आणि जुलैत खाली सडा पडलेला असतो. आत मी पंख्याखाली बसून घामाने भिजत होते. आता हेही नको म्हणतील, 'दुय्यम' शब्दावर बोट ठेवतील, असं राहून राहून वाटत होतं. माझं नाव पुकारलं. खिडकीतल्या माणसाने कागद सरकवला. मागे चिकटवलेलं एक नवं तिकीट, त्यावर गोल शिक्का आणि अरबी अक्षरं. त्याने काहीच विचारलं नाही.

बाहेर आले तर बाबा झाडाखाली दुपट्टा पसरून बसलेले. दुपट्ट्यात जांभळं, आणि शेजारी एक पगडीवाले म्हातारे सरदारजी. त्यांचा मुलगा आत रांगेत होता. सरदारजी पंजाबीत बोलत होते, बाबा गोंदियाच्या हिंदीत. "हमारे तरफ रोवणी औरतें करती है, आपके तरफ कौन?" सरदारजी धान लावणाऱ्या बिहारी मजुरांबद्दल काहीतरी सांगत होते. दोघांचे ओठ जांभळे झाले होते.

मला बघून बाबा उठले. मी कागद पुढे केला, तर हात मागे घेतले. आधी बाटलीतल्या पाण्याने बोटं धुतली, सदऱ्याला पुसली, उन्हात वाळवली. मग कागद दोन्ही बाजूंनी नुसता कडांवर धरला.

"येच्यात काय लिवलं आहे?"

"मले नाही वाचता येत बाबा. अरबी आहे."

"मंग तू तिथं शिकवशीन कशी?"

सरदारजी मोठ्याने हसले. मग त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बेटी वाले हो, पहले तुम्हारा काम हुआ. अब मेरे वाले का भी हो जाएगा." आम्ही त्यांचा मुलगा बाहेर येईपर्यंत थांबलो. बाबांनीच थांबायला लावलं.

ऑगस्टमध्ये मी गेले. गोंदियाच्या फलाटावर माय रडली आणि बाबा डब्यातल्या अनोळखी माणसांना सांगत फिरले की ही पोरगी मस्कतले शिकवाले जाऊन राहिली, लक्ष ठेवजा. पुढे तिथेच बरीच वर्षं गेली, लग्न झालं, मुलं झाली. आता बाबा नाहीत. त्यांची आठवण आली की मला रोवणी सोडून दिल्लीत जांभळं वेचणारा तो माणूस आधी दिसतो.

मी गेल्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावातल्या एका नर्स मुलीला कुवेतची नोकरी लागली. तिचे वडील अर्धांगवायूने खाटेवर होते. बाबा न बोलावता तिच्या घरी गेले आणि म्हणाले, मी नेतो पोरीले, मले रस्ता माहीत आहे. नागपूर, मुंबई, दिल्ली, तिन्हीकडे तेच गेले. मला हे मायकडून कळलं. एक दिवस मी वर्गातून बाहेर आले आणि मोबाईलवर त्यांचा मिस्ड कॉल दिसला, म्हणून मीच फोन लावला. मागे रिक्षांचे भोंगे वाजत होते.

"कुठं आहात बाबा?"

"दिल्लीले. काम झालं पोरीचं, आताच बाहेर आली."

"तब्येत कशी आहे? ऊन लागत असेल ना?"

"लागते. पण तिनं सकाळपासून काही खाल्लं नाही, घाबरली होती. जेवाले जाऊन राहिलो आम्ही. ठेव आता, बिल चढते तुह्यावाल्या फोनले."