शहाळं कुणी प्यावं

समस्त सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि माझ्या प्रकृतीची चिंता वाहणाऱ्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात माझ्या जिवावर चालून आलेला शत्रू म्हणजे एक शहाळं होतं.

झालं असं की, माझ्या किडन्यांनी एकाएकी अंग काढून घेतलं आणि मी छावणीजवळच्या एका दवाखान्यात भरती झालो. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं. ते उतरलं नाही तर डायलिसिस, एवढं सांगून डॉक्टर निघून गेले. माझी पाचावर धारण बसली.

वॉर्डात नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. मी घोटभर पाणी प्यालो तरी मापून लिहायची, आणि ते बाहेर पडलं की तेही मापून लिहायची. माझ्यावर इतकी बारीक नजर आजवर फक्त बायकोनेच ठेवली होती.

"पोटॅशियम म्हणजे विष का गं?" मी विचारलं.

"नाही हो काका. हृदयाचे ठोके नीट पडायला ते लागतंच. पण जास्तीचं बाहेर काढते किडनी, आणि तुमची सध्या सुट्टीवर आहे. म्हणून केळी, शहाळं बंद."

आणि त्याच दुपारी करमाडहून आत्या आली. हातात शहाळं, तेही तोंड फोडून, नळी खोचून.

"घे लेकरा, लाव तोंडाला."

"आत्या, मनाई आहे मला."

"शहाळ्याची? आरं, शहाळं कुणाला बाधलंय व्हय कधी?"

आत्याला नाही म्हणायची छाती आमच्या वडिलांनाही झाली नव्हती. नळी माझ्या ओठांना टेकली. डायलिसिस दूर होतं, आत्या समोर होती. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात ती मुलगी धावत आली. आता इथं युद्ध पेटणार, म्हणून मी डोळे मिटले. पण तिने शहाळं अलगद दोन्ही हातांनी काढून घेतलं.

"आजी, एवढ्या उन्हातून आलात. पाणी कधी प्यालात?"

"एसटीत कुठलं पाणी? मधेच उतरायची पंचाईत व्हती बाई."

"जीभ दाखवा बरं."

आत्याची जीभ आमच्या घराण्याने पुष्कळ पाहिली आहे. इतकी कोरडी मात्र कधीच नव्हती.

"डोकं दुखतंय? शुगर, किडनीचा काही त्रास?"

"डोकं ठणकतंय सकाळधरनं. बाकी धडधाकट हाय मी."

"मग हे तुम्हीच प्या. घामातून तुमचं पाणी गेलंय, क्षार गेलेत. काकांच्या अंगात मात्र ते साचलेत. ते हे प्याले तर हृदय बिघडेल."

हृदय म्हटल्यावर आत्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघत ती स्टुलावर बसली.

पुढे माझं पोटॅशियम उतरलं, डायलिसिस टळलं. त्या पोरीचे आभार मी अजूनही दिसेल त्याला थांबवून मानतो. आत्याला न दुखवता तिने मला वाचवलं. आमच्या घराण्यात हे कुणालाच जमलेलं नाही.

त्या दुपारी आत्याने नळीचा खरखर आवाज येईपर्यंत शहाळं संपवलं, पदराने तोंड पुसलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली, "लई ग्वाड निघालं गं! बरं झालं याला दिलं नाय!"