पातळवाली बिस्किटं

माझी बिस्किटं लोकांना आवडतात ती पातळ म्हणून. खामगावात घरी केक आणि कुकीज करणाऱ्या बायका आता गल्लोगल्ली झाल्या, पण माझ्याकडे फोन येतो तो असा, "ताई, ते पातळवाले पाठवजा बरं चॉकलेटचे. एवढे नाजूक कसे करता हो तुम्ही? काय हात हाय तुमचा!" मी हो हो म्हणते आणि फोन ठेवते. कसला हात आणि कसली कला घेऊन बसलात! माझ्या नवऱ्याचं तोंड उघडत नव्हतं, म्हणून ती बिस्किटं पातळ झाली. आता हे ऑर्डर देणाऱ्या बाईला फोनवर कसं सांगायचं?

सुरुवात मिरचीपासून झाली. आमच्या घरात ठेच्याशिवाय घास उतरत नाही कोणाचा. हे तर भाकरीवर ठेच्याचा गोळा घेऊन वरून तेल ओतणारे. एक दिवस जेवता जेवता ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन चुळा भरत राहिले. म्हणाले, "लय तिखट हाय आज." सासूबाईंनी तिथूनच आवाज दिला, "काय वं, मिरच्याचं पोतं उपडं केलं का भाजीत?"

मी तिखट कमी केलं. तरी लागलं. आणखी कमी केलं, तरी तेच. ह्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे, शेतातले जळालेले पंप लोक तिथे आणतात. तिथले मित्र ह्यांना चिडवायला लागले, की वऱ्हाडातला गडी असून वरण-भात खातो, बायकोनं चांगलाच सरळ केला बे तुले. सासूबाईंचं रोजचं सुरू झालं, "माह्या हातचं खाऊन वाढला तो. तवा नाही लागलं कधी तिखट." मी पण काही गप्प बसणारी नाही. एक दिवस नुसतं हळद-मीठ घालून दोडक्याची भाजी केली आणि त्यांच्यासमोर पातेलं आपटलं. म्हटलं, दाखवा, कुठे आहे मिरची? त्या म्हणाल्या, "मसाल्यात असन." बाप्पा! त्या मिरचीवरून आम्ही सासू-सुना वर्षभर भांडलो. ह्यांच्या तोंडात डोकावून पाहायचं मात्र आम्हा दोघींना सुचलं नाही.

हे मग दूध-बिस्किटावर आले. गोड तोंडाला लागत नाही म्हणायचे, म्हणजे झोंबत नाही. मला वाटलं, दुकानातलं काय खायचं, घरीच करू. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. मैदा, कोको, पिठीसाखर, घरचं लोणी. अंडं नाही, कारण सासूबाईंना ते घरात चालत नाही. पहिला घाणा कुकरमध्ये केला, तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून. वरून दगड आणि आतून कच्चं. सासूबाईंनी एक उचलून पाहिलं, "हे बिस्किट होय का गोवरी?" हे खूप हसले. दुसऱ्या दिवशी दुकानातून तेलाचा रिकामा डबा घेऊन आले, त्यात कॉईल बसवली, जुन्या इस्त्रीचं बटण लावलं, आणि मला भट्टी करून दिली. उजवी बाजू जास्त तापायची, त्यामुळे अर्ध्यात ट्रे फिरवावा लागायचा. आजही लागतो. नंतर मी विकतचा ओव्हन घेतला, पण पातळ बिस्किटं त्या डब्यातच नीट होतात.

त्या डब्यातली पहिली कुकी चांगली जाडजूड झाली होती, व्हिडिओतल्यासारखी. ह्यांनी हातात घेतली, तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. मग तुकडा मोडून कडेनं आत सारला. मी म्हटलं, असं काऊन खाता लेकरासारखं? म्हणाले, "अवं, जबडा आखडला जरा. थंडीनं असन."

दातांच्या डॉक्टरकडे आम्ही दाढ दुखते म्हणून गेलो होतो. त्यांनी सांगितलं, तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला. ह्यांची दोन गेली, ती पण घासत. डॉक्टरांनी विचारलं, "खर्रा?" हे माझ्याकडे पाहायला लागले. तो खातात हे काय मला माहीत नव्हतं? इथे कोण खात नाही? सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत टाकून घोट घोट घोटायचं आणि गालात धरायचं. लग्नात पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात आमच्याकडे. मग डॉक्टरांनी विचारलं, "जेवण तिखट लागतं का?" आणि मी तिथंच खुर्चीत रडायला लागले. डॉक्टरांनी समजावलं, गालाची आतली कातडी सुकत जाते, चामड्यासारखी होते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे साधं जेवण झोंबतं. मिरचीचा काही दोष नव्हता, माझा पण नव्हता. घरी येऊन मी सासूबाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आता काय कराचं?"

डॉक्टर म्हणाले होते खर्रा आजपासून बंद, नाहीतर पुढे जखम होईल आणि जखम चांगली नसेल. शिवाय व्यायाम दिला. कुल्फीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. सकाळी चहाआधी हे आरशासमोर काड्या घेऊन बसायचे आणि नंतर बोटं घालून पाहायचे. मुलगा तेव्हा दहावीत होता, तो बाजूला बसून काड्या मोजून द्यायचा.

आणि मी बिस्किटं पातळ करायला लागले. पातळ लाटलं की पीठ पोळपाटाला चिकटायचं, म्हणून दोन पन्न्यांच्या मध्ये गोळा ठेवून लाटायची. एकदा ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "खर्राच घोटून राह्यली का वं तू?" मी लाटणं फेकून मारलं. लागलं नाही. पण खरंच सांगते, लागलं असतं तर मला वाईट वाटलं नसतं, कारण आदल्याच दिवशी ह्यांच्या शर्टाच्या खिशात मला पन्नी सापडली होती.

मी खर्ऱ्याच्या ठेल्यावर गेले. भर बाजारात, चार माणसांसमोर, मी त्या ठेलेवाल्याचा उद्धार केला. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "वहिनी, मी नाही देल्ला त ते दुसरीकून घेतीन. तुम्ही त्यायले समजवा ना." समजवा! रडून झालं, भांडून झालं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालून झाली. हे शपथ घ्यायचे आणि मोडायचे. सासूबाई कधीतरी ह्यांच्याच खर्ऱ्यावरून हसत म्हणायच्या, जित्याची खोड मेल्याबिगर जात नाही. आता ती म्हण त्यांच्या तोंडून निघेना. तोंड दीड बोटावर आलं होतं आणि त्या फटीतून हे खर्रा आत सारायचे. त्याला बरी जागा सापडायची.

शेजारणीच्या हातात एकदा बशी दिली, तिथून धंदा सुरू झाला. ती म्हणाली, अगं पापडासारखी कुरकुरीत आहेत, मला अर्धा किलो करून दे. तिनं बहिणीला दिली, बहिणीनं शाळेतल्या मॅडमना. ऑर्डरी वाढल्या. लोक वाहवा करायचे आणि मला ती नकोशी व्हायची, कारण इकडे तोंड आणखी मिटलं की मी आणखी पातळ लाटायची, आणि तेवढीच वाहवा वाढायची. पुढे पेस्ट्रीच्या ऑर्डरी आल्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे क्रीम उभं राहत नाही, वितळून ताटात येतं. बर्फाच्या लादीचा तुकडा आणून त्यावर भांडं ठेवायचं आणि घाईघाईनं फेटायचं. ह्यांच्या वाढदिवसाला मी चॉकलेटची पेस्ट्री केली. पाहुणे जमलेले. चमचा आत जाईना. मी सुरीनं पट्टी कापली, कागदासारखी, आणि चमच्याच्या दांड्यानं आत सरकवली. सगळे दुसरीकडे पाहू लागले. हे मात्र म्हणाले, "मस्त झाली. क्रीम थोडं कमी गोड कर." मिशीला लागलेलं क्रीम मी पदरानं पुसलं.

मग जखम झाली. अकोल्याला तपासलं, नागपूरला ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग काढला. नाकातून नळी घातली. नळीतून मूग डाळीचं पाणी, दूध, गाळलेलं सूप. हे सगळं मुलगा करायचा, कॉलेज सांभाळून. मी नुसतं गाळून द्यायची. मी भट्टी लावली की हे येऊन स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसायचे. बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. एकदा लिहिलं, "वास तरी घेऊ दे." आणि ट्रे फिरवायची वेळ झाली की काठीनं जमिनीवर ठोकायचे. माझ्यापेक्षा त्यांना नेमकं कळायचं, कारण भट्टी त्यांनीच केलेली. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी संताप यायचा, की अरे माणसा, तुझ्या हातात होतं ना सगळं.

ह्यांना नेलं त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. गालात खर्रा धरून माणसं माझ्यासमोर हात जोडत होती. एक जण ओट्यावर जाऊन थुंकून आला आणि मग मोठ्यानं रडला. स्मशानातून परत येताना पुरुष मंडळी ठेल्यावर थांबली, हे मला नंतर कळलं. मी कोणाला काही बोलले नाही. आयुष्यात तेवढीच एकदा गप्प बसले असेन.

दुकान आता मुलगा पाहतो. पंचविशीचा झाला. बापासारखाच हाताचा हुशार, डब्याची कॉईल जळाली की तोच बदलतो. त्याच्या जिवावर मी निश्चिंत होते. ज्या पोरानं बापाला नळीतून पाजलं, ज्यानं सरणाला आग लावली, त्याची काळजी कशाला करायची? त्याचं लग्न जमवायचं, एवढंच डोक्यात होतं. आमच्या घरात भाजीत तिखट नाही ते नाहीच. ह्यांच्या वेळची सवय माझ्या हाताला लागली ती लागली. सासूबाई आपला ठेचा वेगळा वाटून घेतात.

मागच्या महिन्यात, संध्याकाळची गोष्ट. मी एका बारशाची ऑर्डर पन्नीवर लाटत होते. मुलगा दुकानातून आला, सासूबाईंच्या शेजारी जेवायला बसला. वांग्याची भाजी होती. दोन घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आई, भाजी तिखट झाली वं आज."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "मिरची नाही त्याच्यात."

"मसाल्यात असन मंग," तो म्हणाला. उठला, फळीवरची बरणी काढली, एक बिस्किट घेतलं, मोडलं आणि तुकडा कडेनं आत सारला.

मी लाटणं खाली ठेवलं. "आ कर."

"काऊन?"

"आ कर म्हणते ना!"

"काही नाही आई, तू पण ना. दाढ दुखून राह्यली."

माझ्या हाताला कोको आणि पीठ लागलेलं होतं, तशीच मी त्याची हनुवटी धरली. त्यानं भिंतीकडे पाहत तोंड उघडलं. मी बोटं एकावर एक उभी धरून आत घातली. दोन गेली. तिसरं अडलं. मी जोर केला, त्याच्या दातावर माझं नख घासलं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं सोड त्याले," सासूबाई म्हणाल्या, "लागून राह्यलं त्याले."

मी सोडलं नाही. मी तिसरं बोट आत घालत राहिले.