एकाच चॅनेलवरचे दोन राउटर

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये योगिनीनं वायफाय बसवलं होतं. आधी पेट्या भरणाऱ्या सरिताताई आता त्यावर लॅपटॉपमध्ये नोंदी करत. वायफाय सारखं तुटायचं, तेव्हा "सरिताताईंनाच लॅपटॉप जमत नाही," असं ती मालकांना सहज बोलून गेली. मालकांनी सरिताताईंना पुन्हा पेट्या भरायला लावलं.

नंतर योगिनीनं लॅपटॉपवर नेटवर्क शोधणारी दोन सॉफ्टवेअर ताडून पाहिली. पहिलं नुसती नावं दाखवायचं. दुसऱ्यात चॅनेलही, म्हणजे कोणता राउटर कोणत्या लहरपट्टीवर चालतो तेही दिसलं, आणि तिनंच लावलेले दोन्ही राउटर एकाच चॅनेलवर एकमेकांना अडवत होते.

चॅनेल बदलून तिनं मालकांना खरं काय ते सांगितलं. सरिताताई परत लॅपटॉपपुढे बसल्या.

"ताई, चूक माझी होती," योगिनी म्हणाली.

"मला वाटलं, मलाच जमत नाय," त्या हळूच म्हणाल्या.

योगिनीला मान वर करवेना.