पाच चाकं की सहा?

रणगाडे ओळखायला बसलो, तर वहीत रणगाडे कमी आणि आमचीच फजिती जास्त जमली. अहिरे सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. युद्धकाळातल्या परेडच्या जुन्या फिल्म नेटवरून उतरवतात, आणि दर रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही चौघं त्या थांबवून थांबवून बघतो. कोणती गाडी गेली ते लिहायचं, एवढंच काम.

*

सरांचा नियम, रणगाड्याची चाकं मोजायची. एकदा बर्फातला एक रणगाडा थांबवला. सर म्हणाले, "पाच. म्हणजे टी-चौतीस." मला तो अंगाने जाड, केव्ही जातीचा वाटत होता, पण केव्हीला चाकं सहा. पाऊण तास पुस्तकं चाळली. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहाचे कप उचलायला आल्या.

"त्या शिपायाच्या ओव्हरकोटामागे एक चाक लपलंय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांनी वहीत 'केव्ही' लिहिलं. पुढे कंसात 'सौ.'

*

मी सातपूरला कंपनीत इन्स्पेक्शनला होतो, त्यामुळे बारकावे फक्त मला दिसतात असा माझा समज. एका परेडच्या शेवटी टाकी बसवलेल्या गाड्या आल्या, खाली नळ्या. आग फेकणाऱ्या गाड्या कशा असतात यावर मी दहा मिनिटं बोललो. सरांनी ऐकून घेतलं आणि फिल्म पुढे सोडली. गाड्यांमागचा रस्ता ओला होत चालला होता.

"धुतायत," सर म्हणाले.

*

आमच्यातले पगार लासलगावचे कांद्याचे व्यापारी. गाड्यांची नावं त्यांना येत नाहीत. ताडपत्री घातलेला ट्रक दिसला तसे सर म्हणाले, "आत काहीतरी मोठं अस्त्र असणार."

"रिकामा हे," पगार म्हणाले.

"कशावरून?"

"स्प्रिंगचे पाटे बघा की. मागनं बसलाच नाय."

पुढच्या चौकात वाऱ्याने ताडपत्री उडाली. आत नुसता लाकडी सांगाडा.

"आमच्या मार्केटात पण येतात अशा गाड्या," पगार म्हणाले.

*

चौथे सुभेदार काका; सुभेदार हे आडनाव, लष्करात ते ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्यांच्या तुकडीची परेड झाली आणि त्यात आपण ट्रक चालवला, हे काकू पन्नास वर्षं ऐकत आल्या होत्या. काकांच्या एका जुन्या सोबत्याने त्या परेडची फिल्म पाठवली. त्या रविवारी काकूही आल्या, ठेवणीतली साडी नेसून, आणि अगदी पुढच्या खुर्चीवर बसल्या.

"चौथा ट्रक माझा," काका म्हणाले.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा आला. त्याच्या मागे दोरखंड, आणि दोरखंडाला बांधलेला चौथा.

काकांचे कान लाल झाले.

"मोजायला चुकलो," ते शेवटी म्हणाले. "तिसरा."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"सर, पुन्हा लावा हो जरा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यापर्यंतच."