डोळे नसलेला खेकडा आणि आमचे खलील सर

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणचं. लग्न ठरलं तेव्हा मला एकच आनंद झाला होता, की रोह्याच्या शाळेतले विज्ञानाचे खलील सर आता आयुष्यात पुन्हा दिसणार नाहीत. पेणला आले, दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा झाडायला घेतला, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "दिपिका, धूळ खाली का बसते?" माझ्या हातातला झाडू पडला. सर पेणचेच, रोज एसटीने रोह्याला शिकवायला जायचे, आणि त्यांचं घर आमच्या घराला लागून, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी पनवेलचं स्थळ पुन्हा एकदा बघितलं असतं.

पुढे सर रिटायर झाले. शाळेने नारळ दिला, शाल दिली, पण विज्ञान काही काढून घेतलं नाही. त्यांच्या बायको हलीमाभाभी म्हणतात, "चहा उतू गेला तर आधी कारण सांगतात, मंग गॅस बंद करतात. तोवर चहा खलास." गल्लीतली पोरं सर दिसले की सायकली वळवतात. वाण्याकडे सर आले तर आत बसलेलं गिऱ्हाईक मागच्या दाराने जातं. मी हे पाहिलेलं आहे. मी काय पाहत नाही म्हणा.

तर एके दिवशी भाभी कुंपणावरून कोथिंबीर द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंस का गो, सर पोरांसाठी गोष्टीचं पुस्तक लिवतात."

मी कोथिंबीर हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या वर्गातल्या शिवाने एकदा पाऊस का पडतो याच्या उत्तरात 'ढगाला रडू येतं' असं लिहिलं होतं. सरांनी त्याला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं आणि जाताना म्हणाले होते, "उतर. आता तुझे पाय रडतील." हा माणूस गोष्टी लिहिणार?

"कोणासाठी?" मी विचारलं.

भाभींचा आवाज खाली गेला. "हफ्सासाठी."

मग मला कळलं. हफ्सा म्हणजे त्यांची नात, रिझवानाची मुलगी. जावई फैजल कुवेतला कंपनीत असतो, या मायलेकी तिथेच. जुलैत तिथल्या शाळेला सुटी लागली की पेणला येतात. गेल्या वर्षी आल्या तेव्हा पहिल्याच सकाळी सरांनी नातीला विचारलं, दुधावर साय का धरते? पोर रडायला लागली. मग दुपारी विचारलं, पाल भिंतीवरून पडत का नाही? त्यानंतर हफ्सा सर असतील त्या खोलीत यायची बंद झाली. जाताना विमानतळावर सगळ्यांच्या गळ्यात पडली, सरांना लांबून हात केला. यंदा रिझवानाने फोनवर सांगून टाकलं होतं, "अब्बा, पोरगी तुम्हांला घाबरते. दोन दिवस पेणला राहू, मंग सुटीभर नागोठण्याला सासरी."

त्या फोननंतर सर लिहायला बसले होते.

पुस्तकाचं नाव 'खाडीचे सोबती'. सरांनी वही मला वाचायला दिली. पहिलं वाक्य होतं, 'मी खेकडा. मी संधिपाद संघातील प्राणी असून मला पायांच्या पाच जोड्या असतात.'

मी म्हटलं, "सर, हा खेकडा बोलतोय की दहावीचा पेपर सोडवतोय?"

"माहिती अचूक आहे," सर म्हणाले.

"अचूक आहे हो. पण मला त्याला पास करावंसं वाटतंय, खेळावंसं नाही वाटत."

सर हसले नाहीत. सर हसतात हे आम्हांला तेव्हा माहीतच नव्हतं. पण त्यांनी वही बंद केली आणि हळू विचारलं, "म्हणजे तिला आवडणार नाही?" मी आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या प्रश्नाचं उत्तर येत असूनही गप्प बसले. मग म्हटलं, चित्रं चांगली असली की पोरं खूश होतात.

चित्रांसाठी दत्तात्रेयला गाठलं. मागच्या आळीत त्याचा गणपतीचा कारखाना. हात असा, की उंदीर काढला तर मांजर थांबून बघेल. ऐन मोसमातून सवड काढून त्याने खेकडा, निवटी, कोळंबी आणि बगळा अशी मोठाली रंगीत चित्रं केली आणि कारखान्यात दोरीवर वाळत घातली. त्यात त्याला गाडीबरोबर मूर्ती पोचवायला जावं लागलं. हफ्सा यायची वेळ जवळ आली होती, सरांना धीर निघेना. ते गेले आणि दोरीवरून चित्रं काढून घेऊन आले. त्यांना बाण काढून नावं दिली, नांगी, कवच, कल्ले, पर. मग आमच्या ओट्यावर सगळ्यांना दाखवली. भाभींनी पाहिली, मी पाहिली, माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून पाहिली. सुंदर, सगळे म्हणालो. चित्रं छापखान्यात गेली आणि पुस्तकांचे गठ्ठे घरी आले.

रिझवाना आणि हफ्सा आल्या त्या संध्याकाळी मी साखर मागायला सरांकडे गेले. घरी साखर होती. सर खुर्चीत ताठ बसलेले, हातात पुस्तक. हफ्सा आईच्या ओढणीमागे. तिला मराठी वाचता येत नाही, बोलता येतं, म्हणून सर वाचून दाखवणार होते. कोपऱ्यात बॅगा न उघडता ठेवल्या होत्या. नागोठण्याला न्यायच्या होत्या ना.

सरांनी घसा साफ केला. "मी खेकडा. मी संधिपाद..."

"नाना," ओढणीमागून आवाज आला, "त्याचे डोळे कुठे हायत?"

सर थांबले. आम्ही सगळे पुस्तकावर वाकलो. खेकड्याला डोळे नव्हते. पान उलटलं. निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा आख्ख्या खाडीत डोळ्यांवरून ओळखला जातो, त्याला डोळे नव्हते. कोळंबीला नव्हते. बगळ्याला नव्हते. कळस म्हणजे सरांनी खेकड्याला एक बाण काढून 'डोळा' असं ठळक लिहिलं होतं, आणि तो बाण सरळ कोऱ्या कागदात घुसला होता.

इतक्या जणांनी चित्रं पाहिली आणि एकाच्याही लक्षात येऊ नये? भाभी भिंतीला टेकल्या. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो उतरलाच. मी पळत जाऊन, त्याच दुपारी परतलेल्या दत्तात्रेयला घेऊन आले. त्याने पुस्तक चाळलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, आखणी राहिली नाय का. डोळे शेवटी. सगळं झाल्यावर एका बैठकीत डोळे आखतो मी. आखणीच्या आधी कारखान्यातून कोण काय नेतो का?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पडला तो नको होता असं वाटलं. आम्ही पेणचे. बारा महिने इथून तिथून बिनडोळ्यांच्या मूर्ती बघतो. उन्हात मांडलेल्या, ओट्यावर मांडलेल्या, जाता-येता ओळीने बसलेल्या. डोळे नसणं हे आम्हांला खटकतच नाही. कुवेतहून आलेल्या पोरीला मात्र पहिल्या नजरेत दिसलं.

आकृतीला एक नाव कमी दिलं तर अर्धा गुण कापणारा हा माणूस. आता दत्तात्रेयला झाडणार, मग छापखान्याला, मग आम्हांला. रिझवाना तर उठून बॅगांकडे गेलीच.

"पण कुठे गेले?" हफ्साने पुन्हा विचारलं. ओढणी आता फक्त तिच्या खांद्यावर होती.

सरांनी त्या बाणाच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "दिले त्याने."

"कोणाला?"

"निवटीला. तिला पलीकडचा किनारा बघायचा होता."

मी सरांकडे बघतच राहिले. खलील सर खोटं बोलत होते. आमच्यादेखत, सरळ तोंडाने.

हफ्साने पान उलटलं. "हिला पण नायत."

"तिने कोळंबीला दिले. कोळंबी रात्री वाट चुकायची."

"कोळंबीला पण नायत." आता ती खुर्चीच्या हातापाशी आली होती.

"बगळ्याने मागून घेतले. मोठा गोड बोलला."

हफ्साने शेवटचं पान सरांच्या नाकासमोर धरलं. "नाना, बगळ्याला पण नायत. मंग सगळ्यांचे डोळे गेले कुठे?"

आता सर अडकले. पुस्तक संपलं होतं. त्यांनी छताकडे पाहिलं, दत्तात्रेयकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे.

"या दिपिका मावशीकडे," ते म्हणाले. "ही आख्ख्या गल्लीचं बघते. दोन डोळ्यांत होईल का ते? तूच सांग."

भाभी फस्सकन हसल्या. दत्तात्रेय बाहेर जाऊन हसला. माझा मात्र आ झालेला तसाच. इतक्या वर्षांत सगळ्या गल्लीची टर मी उडवली, आणि माझी उडवली कोणी, तर खलील सरांनी. हफ्सा माझ्याजवळ आली, माझी हनुवटी धरून वर केली आणि दोन्ही डोळ्यांत नीट वाकून पाहिलं.

"हायत," तिने नानांना सांगितलं. "आत दिसतात."

सर हसले. आवाज करून. मला शप्पथ तो आवाज ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर हफ्सा, तिने सरांचं बोट धरलेलं. सरांचा चेहरा तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"मावशी, खेकड्याचे डोळे द्या. त्याला काय दिसत नाय."

कुंपणापलीकडे रिझवाना फोनवर नागोठण्याच्या सासूबाईंशी बोलत होती. "नाय अम्मी, उद्या नाय जमत. हफ्साचं इथे काम निघालंय... काय काम म्हणजे? डोळे शोधायचेत... नाय हो, डॉक्टरकडे नाय."

"आज घाईत आहे," मी म्हटलं. "उद्या देते."

हफ्साने सरांकडे पाहिलं.

"उद्या परत यावं लागेल मग," सर म्हणाले. "मावशी एकदम सगळे देणार नाही. आधी खेकड्याचे. तोवर दत्तूकाकाकडे बघून येऊ, तिथे पडलेत का."

मागून हलीमाभाभी छत्री घ्या म्हणून ओरडत होत्या. दोघांपैकी कोणी मागे पाहिलं नाही.