उरलेलं झाकण

दिल्लीच्या जानेवारीत स्वेटर काढून काम करणारा माणूस मी एकच पाहिला. ऑफिसात ते सर होते, पण तिथं मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे माझ्यापुरते ते काका झाले. नोएडातली आमची कंपनी इमारतींमध्ये वायफाय बसवते. छताला लावलेलं पांढरं खोकं उघडायची वेळ आली की काका स्वेटर काढून माझ्या हातात देत, नळाला हात लावत आणि मग कुडकुडत शिडी चढत. लोकरीमुळे अंगात साठलेली वीज नळावाटे निघून जाते, नाहीतर बोटातून आत उतरून नाजूक सर्किट जाळते, हे मलाही माहीत होतं. त्यासाठी मनगटाला बांधायचा पट्टा असतो, तो पुरतो, असं मी म्हणायचे. काका तो पट्टाही बांधायचे. बरोबरच्या पोरांना वाटे, हे नळाला नमस्कार करतात. "मी देवालाही करत नाही, नळाला कशाला करू?" म्हणत ते हसायचे.

अमरावतीकडचे काका नोकरीसाठी तरुणपणीच दिल्लीला आले आणि मयूर विहारचे झाले. मी त्यांच्या घरी जेवायला गेले की काकूंची तक्रार ठरलेली. लग्नात आलेला त्यांचा मिसळणाचा डबा काकांनी ऑफिसला पळवला होता. मोहरी-हळदीच्या वाट्यांमध्ये आता स्क्रू होते आणि मधल्या मोठ्या वाटीत प्लास्टिकची झाकणं. वायफायच्या खोक्याला एक रिकामा खण असतो. जास्तीचं मॉड्यूल त्यात सरकवायचं तर खणाचं झाकण काढावं लागतं, आणि बाकी सगळे ते तिथंच कचऱ्यात टाकतात. काका मात्र त्यावर चिकटपट्टी लावून खोलीचा नंबर लिहीत आणि डब्यात ठेवत. पोरं मागून ‘ढक्कन साहब’ म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं.

"म्हणू दे. बसवणारे पुष्कळ भेटतील, बेटा," ते मला म्हणाले होते. "बसवणारा कसा होता, ते काढायची वेळ आली की कळतं."

ती वेळ गाझियाबादच्या एका वृद्धाश्रमात आली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर एकेक बटण असे. ते दाबलं की छतावरच्या खोक्यातलं मॉड्यूल ते टिपायचं आणि नर्सच्या टेबलावर घंटी वाजायची. ती मॉड्यूलं काही वर्षांपूर्वी काकांनीच बसवलेली. आता व्यवस्थापन बदललं होतं, नव्या पद्धतीची बटणं आली होती, आणि जुनी मॉड्यूलं संध्याकाळपर्यंत काढून द्या असा हुकूम होता. काकांचं कॉन्ट्रॅक्ट दर जानेवारीत नव्यानं व्हायचं आणि त्या वर्षीचं अजून सहीला थांबलेलं होतं. त्यामुळे काम बिनबोभाट उरकावं, एवढीच माझी इच्छा होती.

काकांची रीत वेगळी. प्रत्येक खोलीत आधी नवं बटण दाबायचं, नर्स येऊन उभी राहिली की मगच जुनं काढायचं, आणि डब्यातून त्याच नंबरचं झाकण शोधून खण बंद करायचा. तिथला मॅनेजर दारात उभा राहून घड्याळ बघत होता. तरी काम नीट चाललं होतं.

कोपऱ्यातल्या खोलीत एक पंजाबी आजी राहायच्या. सगळे त्यांना बीजी म्हणत. मागे त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि जुन्या बटणानंच वाचल्या होत्या. नवं बटण पलंगापाशी उत्तम वाजलं. काका ते घेऊन बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि दाबलं. घंटी नाही. पुन्हा दाबलं. तरीही नाही.

"ये नहीं निकलेगा," बाहेर येऊन काका म्हणाले.

चार दिवसांत माणूस येऊन दुरुस्त करेल, तुम्ही आजच काढा, असं मॅनेजर म्हणाला. काका म्हणाले, तर मग चार दिवसांनीच काढू. तक्रार करेन, असं त्यानं बजावलं, तेव्हा मी काकांना बाजूला घेतलं. काढून टाकू या ना, पुढची जबाबदारी त्यांची, मी म्हटलं.

"आत पडली, तर जबाबदारी कुणाची हे ती विचारत बसेल का, बेटा?" एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला स्वेटर घेतला आणि अंगात चढवला.

आम्ही नोएडाला पोचायच्या आत तक्रार पोचली होती. कॉन्ट्रॅक्टवर सही झालीच नाही. कारण विचारलं तर पॉलिसी. मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो. काका मात्र शेवटचे दिवस शांतपणे मला कामं समजावत राहिले. कुठल्या शिडीचा पाय डुगडुगतो, तेसुद्धा सांगितलं. निघताना डबा पिशवीत घातला, काकूंना परत द्यायला. त्यातलं एक झाकण तेवढं माझ्या हातावर ठेवलं.

"बाकीची लागली. एवढंच राहिलंय."

चिकटपट्टीवरचा नंबर बीजींच्या खोलीचा होता.

फेब्रुवारीत, थंडी जरा उरलेली असताना, मला तिथं पाठवलं. बाथरूमजवळ आता नव्या बटणाची हाक टिपणारं यंत्र बसवलं होतं. मी आत गेले, दार लावलं आणि बटण दाबलं. बाहेर आले तर नर्स धावत येत होती. मग मी स्वेटर काढला, नळाला हात लावला आणि शिडी चढले. बीजी पलंगावरून बघत होत्या.

"वो ठंड में स्वेटर उतारने वाले भाई साहब नहीं आए?"

त्यांनी ही नोकरी सोडली, एवढंच मी सांगितलं.

"उनसे कहना, घंटी बजती है."

मॉड्यूल अलगद निघालं. झाकण टक्क करून बसलं. जिन्यात येऊन मी काकांना फोन लावला. त्यांनी ना कंपनीचं विचारलं, ना मॅनेजरचं.

"बाथरूममधून दाबलंस?"

"हो."

"दार लावून?"

"दार लावून, काका. बीजींनी निरोप दिलाय, घंटी वाजते म्हणून."

मग ते म्हणाले, "स्वेटर घाल आता. गार आहे अजून."