सुकाणू धरायला कोणीतरी

बायको गेल्यानंतरच्या वर्षी मी एका मुंबईकराची जुनी शिडाची बोट विकत घेतली. आत पेट्रोलचं छोटं इंजिन. आमच्या मिठागरात राबलेल्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, तोही मेकॅनिकल इंजिनीअर. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. त्या इंजिनाने मात्र मला अख्खा हिवाळा झुलवलं.

धक्क्याला बोट बांधलेली असली की इंजिन एका सुरात चाले. खाडीत नेऊन वेग वाढवला की थोड्या वेळाने आपोआप मंदावायचं, आचके द्यायचं, बंद पडायचं. जरा थांबून सुरू केलं की पुन्हा शहाण्यासारखं. प्लग बदलले, फिल्टर नवा टाकला. पनवेलच्या फ्लॅटवर डायनिंग टेबलावरच कार्बुरेटर पसरून बसायचो. ओरडायला कोणी नव्हतं.

वारा पडलेला असताना भर ओहोटीत इंजिन बंद पडलं तर परत येणार कसा? ठरवलं, जमलं नाही तर बोट विकून टाकायची. मग रविवार कुठे घालवायचे, ते काही ठरेना.

अडचण अशी की बिघाड चालत्या बोटीतच दिसणार. इंजिन केबिनच्या पायऱ्यांखाली, सुकाणू पार मागे. मालवाहू बार्जेसच्या वाटेत सुकाणू सोडून खाली वाकता येत नाही. माणसं दोन हवीत. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. ऑफिसातले पांगलेले, शेजारी लिफ्टमध्ये हसण्यापुरते. शेवटी उरणकडे गावात राहणाऱ्या थोरल्या भावाला फोन लावला. आमचं बोलणं लग्नकार्यापुरतंच उरलं होतं.

दादा आला. बोटीत चढता चढताच म्हणाला, "इंजिनेर तू, आन् बोलावलंस आमाला?"

"तू फक्त सुकाणू धर, दादा. बोलू नकोस. मला आवाज ऐकायचाय."

"मंग मुका मानूस बगायचा व्हतास."

बोललाच. गुडघे, सुना, गावातली नवी बिल्डिंग. मी इंजिनाला कान लावून बसलो होतो, तरी ते सगळं ऐकत होतो.

वेग उतरायला लागला. या वेळी इंजिनाला हात लावला नाही, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. सूंऽऽ करून हवा आत शिरली आणि जरा वेळात इंजिनाने पुन्हा वेग धरला. म्हणजे पेट्रोल उपसलं जात होतं, पण त्याच्या जागी टाकीत हवाच जात नव्हती. टाकीत हवा जायची बारीक नळी बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर निघते. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. तारेने ते कोरून काढलं, झाकण घट्ट लावलं. मग भरवेगात कितीतरी लांब गेलो. इंजिनाने एकही आचका दिला नाही.

"येवडीशी माशी?" दादा म्हणाला. "आन् इतके दिवस काय करत व्हतास?"

"एकटा होतो," मी म्हणालो.

त्याने सुकाणू धक्क्याकडे वळवलं. धक्क्यावर उतरल्यावर मी म्हटलं, "पुढच्या रविवारी ये."

"आता कशाला? चालतेय ना बोट."

"असाच ये."

"असाच?" त्याने चपला पायात सरकवल्या. "बगू. गुडघं काय बोलतात ते."

पुढच्या रविवारी धक्क्यावर बराच वेळ वाट पाहिली. मग एकटाच निघालो. मोरा बंदराच्या बाजूला पार लांब जाऊन आलो. इंजिन एकदाही अडखळलं नाही. जरा जरी अडखळलं असतं, तरी दादाला फोन करायला निमित्त मिळालं असतं.